गाठ असू दे

— बोलत राहा म्हणालात ना? मग आता ऐका. सासरी येऊन केस पिकले माझे, पण 'वहिनी, बोलत राहा' म्हणणारे या घराण्यातले तुम्ही पहिलेच पुरुष, भाऊजी. तुमच्या दादांचं तर मी तोंड उघडलं की तबेल्यात काही ना काही काम निघतं. पण ही बघा, ही आमची खारीक — कान कसे वळवलेत माझ्याकडे! मगाशी मी जरा गप्प झाले तर हिला अडकवलंय त्या खोड्याच्या आडव्या लाकडावर अशी लाथ हाणली की तुमचा चष्मा उडाला. गुंगीचं इंजेक्शन दिलंय म्हणे! अर्धी घोडी गुंगीत असेल, लाथा मारणारी अर्धी चांगली जागी आहे. — नाही, नाही, शोधू नका, चष्मा गवतात पडलाय, शाबूत आहे, दिसतोय मला इथून. आणि तुम्हाला तो हवाय कशाला? हात खांद्यापर्यंत घोडीच्या आत, गाल तिच्या मांडीला टेकलेला, डोळे गच्च मिटलेले — सासूबाई सांगायच्या, धाकटा गणित सोडवताना डोळे मिटतो आणि मध्येच कोणी हाक मारली तर रडतो. आता रडू नका म्हणजे झालं. मी इकडे हिच्या तोंडाची मोहरकी धरून उभी आहे. काही विचारणार नाही, उत्तर मागणार नाही, नुसती बोलत राहीन.

काल फोन लावला तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही उचलणारच नाही. वर्षाहून जास्त झालं तुम्ही या घराची पायरी चढलेली नाही, आणि एकदम फोन काय, तर 'भाऊजी, आमच्या घोडीला मिशा फुटायच्या तेवढ्या बाकी आहेत' — दुसरा कोणी असता तर ठेवून दिला असता. तुम्ही उलट खोदून खोदून विचारलंत. मान जाड झालीय का? — झालीय, बघा ना, दोन्ही हातांत मावत नाही. माजावर येते का? — छे, ते बंदच झालं. बाकीच्या घोड्यांशी कशी वागते? — हाकते हो त्यांना! कुरणात सगळ्यांना एका कोपऱ्यात गोळा करते, भोवती फेऱ्या मारते, फुरफुरते, आणि एखादी माजावर असली की सरळ तिच्या अंगावर चढते. नालबंद येतो ना आपला, तो आता नाल ठोकायच्या आधी खाली वाकून खात्री करून घेतो. म्हणतो, बाई, तुम्ही घोडी म्हणता म्हणून मी घोडी म्हणतो. — हसू नका, हात हलतो तुमचा, आणि ती मला दात दाखवते.

मग तुम्ही ते सांगितलंत, अंडाशयातल्या गाठीचं. अंड्याच्या भोवती ज्या पेशी असतात त्यांचीच गाठ होते, घोड्यांमध्ये असल्या गाठी झाल्याच तर बहुतेक हीच सापडते, आणि ही गाठ म्हणे नुसती बसून राहत नाही — नराचा रस बनवते आणि रक्तात सोडते. मग घोडी बिचारी काय करणार? अंगात नर शिरल्यावर नरासारखीच वागणार. आणि एका बाजूला ही गाठ फुगली की दुसऱ्या बाजूचं अंडाशय झोपी जातं, आक्रसतं, म्हणून माज बंद. मला सगळं पटलं, समजलं, पाठ झालं. पण मग तुम्हाला दुसऱ्या एका गाठीचं सांगायची काय गरज होती? आत केस असतात आणि दात असतात! तेही मी ताटावर बसलेली असताना! घास हातातच राहिला माझा. तुम्हा डॉक्टर लोकांना जेवणाची वेळ काही पवित्र नाही. बरं झालं हो, मला थोरल्याला दिलं, धाकट्याला दिलं असतं तर मी या घरात वाळून गेले असते. — काय? काही लागलं हाताला? बरं, बरं. नाही विचारत.

तर मी रात्रभर पडल्या पडल्या एकच म्हणत होते, गाठ असू दे. बघा, गाठ म्हटलं की माणसाच्या काळजात धस्स होतं, आणि मी हात जोडून गाठ मागतेय. वेड लागलं म्हणाल. पण गाठ निघाली तर ही आजारी आहे, आणि नाही निघाली तर ही खुनशी आहे, द्वाड आहे, माणसावर जाणारी आहे — तुमच्या दादांचे शब्द, माझे नाहीत. आजारी घोडीवर उपचार असतात. खुनशी घोडीसाठी जे असतं ते घेऊन दुपारी माणूस येणार आहे. तो नदीपलीकडचा डॉक्टर. ह्यांनी स्वतः फोन करून बोलावलंय. जेवून येतो म्हणाला — तोसुद्धा जेवणाचंच बोलला — आणि इंजेक्शन देणार, आणि ही झोपणार, ती पुन्हा उठायची नाही. म्हणून काल मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून तुम्हाला फोन केला. नळाचा आवाज येत होता ना? तरीच तुम्ही सारखे 'काय? काय?' करत होतात. ह्यांना माहीत नाही तुम्ही आलाय ते. गाडीचा आवाज ऐकला असणार त्यांनी, पण त्यांना वाटलं असेल तो दुसराच लवकर आला. तबेल्याकडची खिडकी सकाळपासून लावून घेतलीय.

आता तुम्ही म्हणाल, चावली म्हणून कोणी घोडी मारतं का? तेही खरं. ह्यांना आजवर काय कमी घोडे चावलेत? डाव्या कानाचा तुकडा एकाने नेला, त्याला हे वर्षानुवर्षं साखर खायला घालत होते. पण ही खारीक वेगळी, भाऊजी. हिची आई बाळंत होताच गेली आणि हिला ह्यांनी बाटलीने वाढवली. उठून उठून दूध पाजायचे. माझ्या स्वयंपाकघरात ही शिंगरू असताना फिरायची, पिठाच्या डब्यात तोंड घालायची, आणि मी ओरडले की ह्यांच्या मागे जाऊन लपायची — एवढं मोठं जनावर आणि एका माणसाच्या मागे लपतंय! तीच परवा हे दाणा घालायला गेले तर कान पाडून अंगावर आली आणि ह्यांचा खांदा धरला. धरला आणि सोडेना. मीच खराट्याने तिच्या नाकावर मारलं तेव्हा सोडलं. हात गळ्यात बांधलाय, हाड वाचलं, पण हे घरात आले आणि पलंगावर बसून काय म्हणाले माहितीये? 'ओळखलं नाही तिने मला.' एवढंच. दुखतंय म्हणाले नाहीत, रक्त येतंय म्हणाले नाहीत. मग उठून फोन केला त्या माणसाला.

— डावीकडचं सापडलं? बारीक आहे? किती बारीक, अक्रोडाएवढं? बोटाने दाखवा, बाहेरच्या हाताच्या. अग्गोबाई! आणि टणक? मग हे चांगलं म्हणायचं की वाईट? थांबा, मी सांगते, मला पाठ आहे — ते आक्रसलेलं, म्हणजे गाठ असलीच तर दुसरीकडे. बरोबर? मान हलवा नुसती. हलवलीत. बघा, पास झाले की नाही मी! — ए, ए, खारके, उभी राहा नीट. बघितलंत, मी तुमच्याशी बोलले की हिला आवडत नाही, हिच्याकडे बघून बोलावं लागतं. बायकांचं असंच असतं बाई, नाही का गं? कोणीतरी मागच्या बाजूने सगळं उलथंपालथं करतंय, आणि तोंडाशी उभं राहून गोड बोलणारं माणूस वेगळंच. आता उजवीकडे चाललेत हं ते. जरा दम धर.

आणि भाऊजी, मागचं मी काढणार नव्हते, पण विषय दुसरा सुचत नाही आणि ही गप्प उभी राहत नाही, मग काढते. चूक तुमची नव्हती. म्हणजे होती, थोडी होती. चार माणसं जेवायला बसलेली, हे कौतुकाने सांगताहेत की खारीक गाभण आहे, घोडा दाखवल्यापासून एकदाही माजावर आली नाही म्हणजे राहिलंच, घोडीच्या चालीवरून कळतं मला — आणि तुम्ही मीठ वाढून घेता घेता म्हणालात, 'दादा, मला नाही वाटत. हात घालून बघू दे.' हे म्हणाले, 'माझ्या तबेल्यात हात घालायचा नाही.' तिथे थांबायचं! पण नाही. 'हात न घालता कळत असतं तर मी शिकलो कशाला?' बोललात, आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. तुमचं बोलणं विनोदीच होतं. मग हे नको ते बोलले, तुम्ही ताटावरून उठलात आणि गेलात ते आज उगवताय. आणि हे — हट्टाला पेटले. रिकाम्या ठाणातली गव्हाण शिंगराच्या उंचीची करून घेतली, अजून तशीच आहे, तिथला म्हातारा घोडा गुडघे वाकवून खातो बिचारा. अकरा महिने झाले, बारावा लागला, लोक येता-जाता विचारायचे, झालं का? झालं का? आणि घोडीच्या पोटात होतं काय? चारा. तेव्हापासून ह्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, तुम्ही खरे ठरलात त्याचा राग. पुरुषांना तेवढं पुरतं.

पण तो राग नव्हताच. हे मला परवा कळलं, खांदा पुसता पुसता. मी म्हटलं, अहो, तेव्हाच भाऊजींना तपासू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तर म्हणाले, 'तपासलं की जातं.' तुम्हाला कळलं नाही, तुम्हाला कसं कळणार — तुम्ही वसतिगृहात होतात तेव्हा, नुकतं लग्न झालं होतं आमचं. माझी पाळी चुकली. एक महिना, मग आणखी एक. ह्यांच्या पोटात काही राहत नाही, सगळ्यांना सांगून मोकळे झाले. माझ्या तरी पोटात कुठे राहिलं म्हणा. लाकूड आणून पाळणा करायला घेतला स्वतःच्या हाताने. मग मीच म्हटलं, एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ. गेलो. बाईंनी तपासलं, तुमच्यासारखीच मान वळवून, छताकडे बघत, आणि म्हणाल्या, मूल नाहीये. अंडाशयावर छोटीशी गाठ आहे, पाण्याची, तिच्यामुळे पाळी थांबलीय. घाबरण्यासारखं काही नाही, आपोआप विरेल. विरलीसुद्धा. बाई खरंच बोलत होत्या. पण बाहेर हे बाकावर बसले होते, त्यांच्या हिशेबी आत जाताना मूल होतं आणि बाहेर येताना नव्हतं. वाटेत एकदाच बोलले, 'तपासायला न्यायलाच नको होतं.' मी समजले, उगीच बोलले असतील. नंतर काही झालं नाही आम्हाला, ते तुम्हाला माहीतच आहे. पाळण्याचं काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तर ते 'हात घालायचा नाही' म्हणाले ते तुम्हाला नव्हते म्हणाले. तुम्ही नुसते समोर होतात. घोडी गाभण नाही हे त्यांनाही दिसत असेल हो, एवढी वर्षं घोड्यांत गेली. पण कोणी आत हात घातला नाही तोवर आहे म्हणता येतं ना. — आता डोळे का उघडलेत? मिटा, मिटा. आणि असं बघू नका माझ्याकडे. बाईला बोलत राहा म्हणायचं आणि मग बाई बोलली की डोळ्यांत पाणी आणायचं, हे बरं आहे! पुसायला हातही मोकळा नाही तुमचा. तिच्या शेपटीला पुसा. हे मी बोलले ते विसरा, ह्यांना कळलं तर मलाच इंजेक्शन देतील.

— काय झालं? थांबलात का? भाऊजी, तुमचा चेहरा — हात खाली का गेला एकदम? जड आहे? लागली? सांगा ना, एवढं एक सांगा, आता नाही राहवत. — खरबुजाएवढी! अहो, खरबुजाएवढी घेऊन ही बाई लाथा मारत फिरत होती? थांबा, ते सोनोग्राफीचं यंत्र देते, हे घ्या, वायर गुंतलीय — धर गं बाई जरा धीर, झालं, झालं. पडदा इकडे वळवा, मलाही बघू दे. हे काय दिसतंय? ही सगळी काळी काळी भोकं? मधाच्या पोळ्यासारखं? म्हणजे तीच? केसवाली नाही ना? दात? नाहीत. हुश्श. आणि पसरणारी? — बहुतेक नाही. 'बहुतेक' कशाला म्हणता हो, डॉक्टर झालात तरी नीट 'नाही' म्हणायला शिकला नाहीत. बरं, रक्त तपासायला पाठवा, पाठवा, काय लागेल ते पाठवा. आणि ती काढायची, बाजूने कुशीला छेद देऊन काढतात म्हणालात, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. नेऊ. आणि काढली की हिचा नर निघून जाईल, हळूहळू. आणि दुसरं ते अक्रोड? ते जागं होईल? वर्षभर लागलं तरी चालेल, आम्हाला कुठे घाई आहे. एकावरही शिंगरू होतं? नाही, नाही, ते ह्यांना आताच सांगू नका, लगेच गव्हाणी बांधायला घेतील.

थांबा, मला बसू दे जरा या बादलीवर. नाही, काही होत नाही मला. तुम्ही हात काढा बाहेर, सावकाश. रडत नाहीये मी, धूळ आहे इथे. गाठ आहे, भाऊजी. गाठ आहे! ही खुनशी नाही, हिने ह्यांना ओळखलं नाही असं नाही, हिच्या अंगात दुसरंच कोणी बसलं होतं. बिचारी माझी. आणि आम्ही हिला काय काय बोललो. — खारके, माफ कर गं बाई, त्या खराट्याबद्दलही.

आता तुम्ही जा. आत जा. असे उभे काय राहिलात, त्या दुसऱ्याला मी फोन करून सांगते, जेवणावर ताव मार आणि घरीच झोप म्हणून. तुम्ही दादांकडे जा. नाही, मी नाही येणार, मी सांगायला गेले तर तोंडातून शब्द फुटायच्या आधी रडेन, आणि ते समजतील घोडी गेली. तुम्हीच जा. खिडकीकडे पाठ करून बसले असतील, सगळं आटोपलं असं धरून. तुम्हाला बघून ओरडतील, ओरडू द्या. आणि ऐका, गाठ हा शब्द आधी काढू नका, या घरात तो शब्द नीट ऐकून घेतला जात नाही. आधी म्हणा, दादा, मी तपासलं. मी आत हात घालून तपासलं, आणि काही गेलं नाही. ती आहे. असंच म्हणा, याच शब्दांत, मध्ये तुमची डॉक्टरकी घालू नका. मग काय विचारतील ते सांगा. — अहो, थांबा! तो मोजा तरी काढा हातातला, आणि नळावर हात धुवा. साबणाने. जा आता.